एक्याण्णवावा चिंचोका

बाबा, परवा मी एका लग्नाला गेले होते आणि न जेवता घरी आले. शहापुरातच, रस्त्याच्या कडेला नवा हॉल झालाय तिथे. टेबलावर भांडी मांडलेली, हातात ताटली घ्यायची, आपलं आपण वाढून घ्यायचं आणि जिथे जागा मिळेल तिथे उभ्याउभ्या खायचं. मी भाचेसुनेला म्हटलं, "अगं, घोडासुद्धा तोबरा बांधून एका जागी उभा राहतो." ती हसली. तिला वाटलं, म्हातारीचे गुडघे दुखतायत म्हणून ही चिडचिड. गुडघे दुखतातच, पण राग त्याचा नव्हता. चारशे माणसं जेवत होती आणि एक रांग म्हणून नव्हती. तू असतास तर डोक्याला हात लावून खाली बसला असतास, असं मनात आलं, आणि लगेच स्वतःलाच म्हटलं, काय बोलतेस बाई, जेवणाच्या जागी हा माणूस खाली बसलेला तू जन्मात पाहिलायस का? नाही पाहिला. मला तेवढंच एकदा बघायचं होतं. घरी आले, चहा केला आणि ही वही घेऊन बसले. तुला जाऊन पन्नासावर वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतंच, त्यामुळे तू नाहीस म्हणून पत्राचं फारसं अडत नाही. हे लिहिताना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं.

काळू नदीच्या अलीकडच्या दहाबारा गावांत लग्न असो, बारसं असो की तेराव्याचं जेवण, पंगत लावायला तुलाच बोलावणं यायचं. सरळगावाकडून, किन्हवलीकडून माणूस यायचा आणि पडवीत बसून म्हणायचा, "पंगतवाले हायत का?" बाकी आपण दुसऱ्यांसारखेच भात लावणारी माणसं. पण तुझ्या हाताखाली रांग वाकडी जायची नाही, आणि मुख्य म्हणजे कुठलीच रांग अपुरी राहायची नाही. आपल्याकडे तो नेमच होता. सगळ्या रांगांत माणसं सारखी पाहिजेत. शेवटच्या रांगेत चारच माणसं बसली तर म्हाताऱ्या लगेच कुजबुजायच्या, ह्या घरात कुणाची तरी जागा रिकामी होणार. तू त्यातलं काही मानत नव्हतास. तू म्हणायचास, रांगा सारख्या असल्या की वाढपी एका पावलानं चालतात, भात सगळ्यांपुढं एकदमच पडतो आणि सगळे एकदमच उठतात; अपुऱ्या रांगेतला माणूस आधी जेवून बसतो आणि दुसऱ्यांच्या पानात बघत राहतो. पहाटे यजमानाच्या चुलीतली राख चाळून ठेवायचास आणि माणसं जमली की सारवलेल्या अंगणात मुठीतून राख सोडत रेघा ओढायचास. मांडवाबाहेर गावकुसापलीकडच्या वाडीवरची माणसं बसत, त्यांच्या रांगेची कुणाला फिकीर नसे. तू तिथेही रेघ ओढायचास. त्यांना आत घ्यायची हिंमत मात्र तुलाही नव्हती, हे मी आता मोठ्या तोंडाने बोलू शकते, तेव्हा मला ते दिसतही नव्हतं.

माणसं मोजू नयेत, नजर लागते, म्हणून तू मांडवाच्या तोंडाशी उभा राहून आत येणाऱ्या प्रत्येकामागे एक चिंचोका थैलीत टाकायचास. मळखाऊ रंगाची ती थैली, तिला आईने जुन्या लुगड्याच्या काठाची नाडी घातलेली. सगळे आले की तू ओट्याच्या कोपऱ्यात चिंचोके ओतून आकडा घ्यायचास, आणि मग डोळे बारीक करून गप्प उभा राहायचास. आई म्हणायची, "आकडा फोडतायत, बोलू नका." बहात्तर निघाले तर तुझं तोंड खुलायचं. आठाच्या नऊ, नवाच्या आठ, सहाच्या बारा, पाहिजे तशी पंगत पाडा. पण सदुसष्ट निघाले, त्र्याऐंशी निघाले, की कपाळाला आठी. काही केल्या ते सारख्या रांगांत बसत नाहीत, एक तरी उरतोच. तू त्यांना आडमुठे म्हणायचास. "आज आडमुठा आला गो," असं घरी येऊन सांगायचास. पुढे पुस्तकात मला त्यांचं नाव भेटलं, मूळ संख्या. नाव चांगलं आहे, मी तीस वर्षं फळ्यावर तेच लिहिलं, पण मनात मात्र आडमुठाच म्हणत आले.

आडमुठा आला की तुझा इलाज ठरलेला. एक माणूस वाढव, नाहीतर एक काढ, की आकडा फुटतोच. आणि तो एक माणूस कोण? तो तू व्हायला हवा होतास. तुझा चिंचोका तू थैलीत कधी टाकतच नव्हतास, मुठीत ठेवायचास. खरं तर आडमुठ्यात तुला घातलं की पंगत पुरी व्हायची आणि तुला बसता आलं असतं. पण तू बसलास तर पंगत बघणार कोण? म्हणून तू वाढपी पोरांतल्या एखाद्याला बसवायचास, किंवा यजमानाच्या घरातल्याच कुणाला "मागनं जेव" म्हणून उठवायचास, आणि स्वतः रांगांमधून फिरायचास. सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभ्याने चार घास. कधी कधी तेही नाही. मग घरी आल्यावर आई भाकरी पुढे सारायची आणि तिचं चालू व्हायचं. "दुनियेला जेवाया बसवता आन तुमी हितं येऊन शिळी भाकर मोडता. एक दिस बसा की वो पंगतीत. मना बघू द्या." तू भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत म्हणायचास, "बसन गो. बसन एक दिस." आईला वाटायचं हा टाळतोय. पण मी तुझं तोंड बघितलेलं आहे. पंगतीत बसलेल्या माणसांकडे तू कसा बघायचास ते मला दिसायचं. मोठी माणसं अशी पोरांसारखी बघतात हे मला तेव्हा नवीन होतं.

मला आकडे फोडायला तूच शिकवलंस, आपल्या चुलीपुढे, ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत जात असताना. मी आठ वर्षांची असेन. चोवीस चिंचोके माझ्यापुढे टाकलेस आणि म्हणालास, "लाव पंगत." मी दोन रांगा लावल्या बाराबाराच्या. मग तीन आठाच्या, चार सहाच्या. मग सहा रांगा चाराच्या लावून मोठ्या ऐटीत तुझ्याकडे बघितलं, तर तू मला उठवून चुलीच्या त्या बाजूला नेऊन बसवलंस. "आता हितनं बघ. हीच मगाची पंगत हाय का नाय? आडवी झालीय एवढंच." मग तुझा नियम सांगितलास: रांगा एकेक वाढवत जायच्या, आणि रांगेतली माणसं रांगांपेक्षा कमी झाली की थांबायचं, कारण पुढं जुनीच पंगत आडवी होऊन येते. तोपर्यंत आकडा फुटला नाही तर तो फुटायचाच नाही, तो आडमुठा. बाबा, मास्तरकीच्या ट्रेनिंगला आम्हाला हाच नियम वर्गमुळाचं नाव घेऊन शिकवला. सगळ्या जणी माना खाली घालून लिहून घेत होत्या आणि मला नाकात धूर आल्यासारखं झालं. शिकवणारे म्हणाले, बाहेर जाऊन पाणी पिऊन या.

पत्रावळीही तुझ्याकडूनच मोजायला शिकले. पत्रावळींची चळत वीसाची, द्रोणांची बाराची. किती चळती आणल्या म्हणजे एकही द्रोण शिल्लक राहणार नाही? तू म्हणायचास, "इसाच्या उड्या मार आन बाराच्या उड्या मार, दोघं कुठं भेटतात बघ." मी जमिनीवर कोळशाने उड्या मारत गेले आणि साठावर दोघं भेटले. तुला एवढा आनंद झाला की तू आईला हाक मारून सांगितलंस. आई म्हणाली, "भेटले तर भेटले, सारवलेल्या भुईवर कोळसा कुणी फिरवला?" त्या दिवशी दोघांनाही बोलणी बसली.

पण तू मला रागावलास तो एकदाच. तुझ्या ध्यानात आलं होतं की प्रत्येक आडमुठ्याच्या शेजारी सहाच्या पटीतला आकडा असतो. एक्केचाळीसच्या शेजारी बेचाळीस, सदुसष्टच्या शेजारी सहासष्ट, सत्त्याण्णवच्या शेजारी शहाण्णव. दोन आणि तीन सोडले तर हे कधी चुकत नाही. पुस्तकातही तसंच आहे, तू कुणाला न विचारता ते शोधलंस. मला ही भारी सोय वाटली. एकदा तू एकोणपन्नास चिंचोके पुढे टाकलेस आणि मी हातही न लावता म्हटलं, आडमुठा, शेजारी अठ्ठेचाळीस आहे. तू सात रांगा सातसातच्या लावून दाखवल्यास. म्हणालास, "पाटलाच्या शेजारी वाणी राहतो, म्हणून वाण्याचा हरेक शेजारी पाटील झाला काय? दोन, तीन, पाच करून थांबायचं नाय. सात बघायचं. आळशीपणानं कुणाला तरी पानावरनं उठवशील." शेवटचं वाक्य तू नुसतं बोलायचं म्हणून बोललास. मला ते अजून झोपेतही ऐकू येतं.

आता ते लग्न. लढाईची वर्षं होती, तांदूळ महाग आणि दुर्मीळ, तरी मुरबाडच्या बाजूच्या त्या म्हाताऱ्या यजमानाने नातीच्या लग्नात पंगत घालायचीच असं ठरवलेलं. तू त्याच्या घरच्या तीन पंगती लावलेल्या. बोलावणं करायला तो स्वतः आला आणि पडवीत काठी आपटून म्हणाला, "ह्या वक्ताला तू बसायचं. तू नाय बसलास तर मी बी पानावर बसायचा नाय. वीस वरसं आमाला बसवलंस, एकडाव तुला बसवतो." तू नको नको म्हणालास, पण तुझं तोंड सांगत होतं. त्या दिवशी सकाळी तू नदीवर जाऊन अंघोळ केलीस, धुतलेली टोपी मागितलीस, बंडीची तुटलेली गुंडी आईकडून लावून घेतलीस. आई दातात दोरा धरून हसत होती. "नवरदेव कोन हाय, तो का तुमी?" असं म्हणाली. मी दहा वर्षांची. आपण तिघं चालत निघालो. रस्त्यात तू मला विचारलंस, "तेराचा पाढा झाला ना गो पोरी? गुरुजींनी दिलावता तो?" मी म्हटलं, "झाला." तू म्हणालास, "मंग आज आकडा तू फोडायचा."

मांडव आंब्याच्या टहाळ्यांनी गार झालेला. पुरुषांची पंगत आधी, बायका ओटीवरून बघतायत, त्यांच्यात आई. तू मांडवाच्या तोंडाशी उभा, मी तुझ्या शेजारी. एकेक माणूस आत येतोय आणि तू चिंचोका टाकतोयस. शेवटी शहापूरचा मामा आला, तिथल्या भाताच्या गिरणीत कारकुनी करणारा, आईचा सख्खा भाऊ. त्याचा चिंचोका टाकलास, आणि मग मूठ उघडून तुझा स्वतःचा. थैलीवर हात ठेवून तू क्षणभर तसाच उभा राहिलास. मी ते बघितलं. मग ओट्यावर ओतून मोजले, एक्याण्णव. मी ढीग सावरत होते तोवर तू राख घेऊन अंगणात जाऊन आलास आणि पोरांनी पानं पसरली. तू सरळ उभा राहिलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "आज माझी पोर सांगल. बाय, फुटतो का?"

म्हातारा यजमान म्हणाला, "पोरीला काय इचारतोस रे? भात निवतोय." दोघंचौघं हसले. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, मामा चष्म्यावरून बघत होता. मी दोनाने बघितलं, नाही. तीन, नाही. पाच, नाही. सातावर आले. सात दाहे सत्तर इथवर गेले आणि पुढे वाटच दिसेना. मागून कुणीतरी म्हणालं, "आटप गो." मी शेजारी बघितलं, तर नव्वद. सहा पंधरे नव्वद. मी म्हटलं, "आडमुठा." आणि आवाज बसलेला वाटला म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं, "आडमुठा हाय, बाबा!"

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "बराबर." अंगणात राखेच्या रेघा आधीच ओढलेल्या होत्या. तू चालत शेवटच्या रेघेपाशी गेलास आणि पायाने ती पुसून टाकलीस, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाई न करता. पसरलेली पानं उचलून बाकीच्या रांगांत वाढवलीस. सहा रांगा, पंधरा पंधरा माणसं. यजमान ओरडला, "अरं बस की! येक मानूस वाढवू, वाढप्यातला येक घेऊ!" तू हात जोडून म्हणालास, "ब्याण्णव झाले तर तेवीसाच्या चार होतात, तेवीसाची रांग ह्या अंगणात मावत नाय. बसा तुमी. पोरीनं सांगितलं ना, आडमुठा." म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली. "बापाची पोर हाय," म्हणाला. तेव्हा तू ओट्याशी आलास, चिंचोक्यांच्या ढिगातून एक उचललास आणि माझ्या हातावर ठेवलास. "घे. हा तुझा." मला वाटलं, बक्षीस! मी तो मुठीत एवढा घट्ट धरला की तळव्यावर वळ उठला. तांदूळ मोजून शिजवलेला, हंड्यात मागे काही राहिलं नाही. तू मागच्या दाराशी उभा राहून तळाला चिकटलेली करपट खरपुडी खाल्लीस. मी तुला हंड्याशी वाकलेलं बघितलं आणि पळत मैत्रिणींकडे गेले, कारण मला त्यांना चिंचोका दाखवायचा होता.

त्या एका शब्दावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. परतताना मामा तुला म्हणाला, "पोरगी हुशार हाय. चौथी झाली की शहापूरला माझ्याकडं पाठवा, मी शिकवतो." गिरणीत दिवसभर पोती मोजणाऱ्या मामालाही चूक कळली नव्हती, म्हणजे बघ. घरी येईपर्यंत मी बडबडत होते आणि तू हुं हुं करत होतास. आई मात्र डोक्यावर पदर घेऊन पुढे चालत होती. मला वाटलं तिला ऊन लागलंय. घरी आल्यावर तिने तुझी टोपी झटकून खुंटीला लावली आणि भाकरी थापायला बसली, तेव्हासुद्धा नेहमीचं ते वाक्य बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी भादव्यात तापाची साथ आली. तू नऊ दिवस अंथरुणात होतास, आणि दहाव्या दिवशी नव्हतास. मधल्या काळात पंगती झाल्याच नव्हत्या, तांदूळच कुठे होता, त्यामुळे तुझं "बसन एक दिस" तसंच राहिलं. तुझ्या तेराव्याला पंगत लावायला कुणी नव्हतं. चुलत्याने रेघा ओढल्या, त्या वाकड्यातिकड्या. शेवटच्या रांगेत चारच माणसं बसली आणि पुढची भुई उघडी राहिली. म्हाताऱ्या काही कुजबुजल्या नाहीत, ज्याची जागा रिकामी व्हायची त्याची झालीच होती. आई दारात उभी राहून म्हणाली, "बघ. आता कोन उठल आन कोन बसल?" मी तिच्या पदरात तोंड घातलं. तुझी एवढी आठवण मला पुन्हा कधी आली नाही, आणि रोज येते ती वेगळी.

शहापूरला मामाकडे पाचवीत बसले. तिथल्या गुरुजींनी एक दिवस फळ्यावर एकपासून शंभरपर्यंत आकडे लिहिले आणि पोरांना एकेक करून उठवलं. एकाने दोनाचे सगळे पट खोडले, दुसऱ्याने तीनाचे, तिसऱ्याने पाचाचे. सातासाठी मला उठवलं. मी खडू घेऊन सात सात पुढे चालले. एकोणपन्नास खोडला आणि तुझी आठवण येऊन हसू आलं. सत्त्याहत्तर खोडला, चौऱ्याऐंशी आधीच गेलेला होता, त्याच्या पुढे सात मोजले आणि खडू एक्याण्णवावर येऊन थांबला. गुरुजी मागून म्हणाले, "हां, इथे भलेभले फसतात. खोड." मला खोडवेना. ते म्हणाले, "अगं खोड, सात तेरे एक्याण्णव." मी खोडला, जागेवर जाऊन बसले, आणि घरी जाऊन मामीला सांगितलं पोट दुखतंय. बाबा, एक्याण्णव आडमुठा नव्हता. सात रांगा तेरातेराच्या झाल्या असत्या. धुतलेली टोपी घालून तू सातव्या रांगेत बसला असतास.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. मास्तरीण झाले, डोळखांबपासून टोकावड्यापर्यंत किती शाळा पालथ्या घातल्या, शेकडो पोरांकडून सातापर्यंत तपासून घेतलं. कुणी पाचावर थांबलं की मी अशी उसळायचे की पोरं म्हणायची, बाईंना सात चावलाय. आई शेवटची वर्षं माझ्याजवळ होती. एका दुपारी ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली, आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आये, त्या लग्नात माझं चुकलं होतं. एक्याण्णव फुटतो. मी लोकांना बघून गांगरले." तिने सुपातून नजरसुद्धा उचलली नाही. म्हणाली, "मना ठाव हाय."

"तुला कसं ठाऊक? तुला कुठे आकडे येतात?"

"आकडे नाय येत, पर रेघा दिसतात ना. मी ओटीवरनं बघत व्हते. सात रेघा ओढल्यावत्या त्यांनी. तुला इचारायच्या आधीच ओढल्यावत्या. तू बोललीस, आन त्यांनी एक पायानं पुसली."

ती रेघ मला दिसत होती, पुसणारा पायही दिसत होता. इतकी वर्षं दिसतच होता, पण मी कधी रेघा मोजल्या नाहीत. मला वाटायचं तू तुझी चूक पुसत होतास. मी म्हटलं, "मग तू का नाही बोललीस गं? आवाज द्यायचा होतास." आई म्हणाली, "त्यांनी माज्याकडं बघितलं ना, गप ऱ्हा म्हनून. घरी आल्यावं मी भांडले त्यांच्याशी, तू निजलीवतीस. तर म्हनाले, पोर पयल्यांदा चारचौघांत बोलली, तिचा शबुद मी खाली पडू देऊ का? जेवाय काय, पुढल्या लग्नात बसन." एवढं बोलून तिने सुपातला एक खडा बाहेर टाकला आणि पुन्हा निवडायला लागली. त्यानंतर ती चार महिने होती, पण आम्ही हा विषय पुन्हा काढला नाही.

तेव्हापासून तुझा राग येतो मला, खरंच येतो. मला खाली बस म्हणायचं होतंस, पुन्हा बघ म्हणायचं होतंस, जसा चुलीपुढे रागावलास तसं रागवायचं होतंस. चार लोक हसले असते, मी रडले असते, आणि तू जेवला असतास. दहा वर्षांच्या पोरीचा शब्द एवढा काय मोठा? पण मग हेही कळतं की तू "बराबर" म्हणाला नसतास तर मामाने मला नेलं नसतं, आणि हे पत्र लिहायला मला अक्षरही आलं नसतं. ह्या हिशेबाचा कुठल्याच बाजूने शेवट होत नाही. म्हणून मी नुसती तुझी वाट बघते, ह्या वयात, एखाद्या पोरीसारखी. आपण पुन्हा त्या मांडवात जावं, तू विचारावंस, आणि मी बरोबर सांगावं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. मघाशी फडताळातून तुझी थैली काढली. चिंचोके बरेच किडले होते, ते टाकले आणि शेजारणीकडून मूठभर नवे मागून आणले. ती म्हणाली, "बाई, नातवंडं आली वाटतं?" मी हो म्हटलं. स्वयंपाकघराच्या फरशीवर सात रांगा मांडायला घेतल्या. गुडघे काही खाली बसू देत नव्हते, तरी बसले. सातव्या रांगेत बारा ठेवले आणि शेवटची जागा रिकामी ठेवली. तू माझ्या हातावर ठेवलेला तो अजून आहे, झिजून पार गुळगुळीत झालाय. बक्षीस नव्हता तो. तुझी जागा होती, आणि तीच तू मला देऊन टाकलीस.

आणखी एक राहिलं. मी आईला सांगितलं की लोकांना बघून गांगरले. तुझ्यापाशी खरं बोलते. त्या सकाळी रस्त्यात तू विचारलंस आणि मी "झाला" म्हटलं, ते खोटं होतं. गुरुजींनी तेराचा पाढा दिला त्या आठवड्यात मोहाची फुलं पडत होती, मी शाळा चुकवून फुलं वेचायला जात होते. बारावर थांबले होते मी. तेराचा मला येतच नव्हता, बाबा. कदाचित तुला तेही कळलं असेल.

आता येतो. तेरा साते एक्याण्णव. हा बघ, तुझा चिंचोका ठेवला. आता उठू नकोस.